फोटोबाहेर राहिलेली माणसे

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, हॅलिफॅक्स शहरापासून साधारण ४३ किलोमीटरवर, पेगीज कोव्ह नावाचे मच्छीमारांचे एक चिमुकले गाव आहे. गावाच्या टोकाला, समुद्रात उतरत गेलेल्या करड्या खडकांवर, पांढऱ्या अंगाचा आणि लाल डोक्याचा एक दीपस्तंभ उभा आहे. नाव ठाऊक नसले तरी आपल्यापैकी पुष्कळांनी तो चित्रात पाहिलेला असेल. कॅनडात सर्वांत जास्त फोटो काढल्या जाणाऱ्या जागांमध्ये त्याची गणना होते. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतली मुलेमुली आता टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन अशा शहरांत स्थायिक झाली आहेत. सुट्टी मिळाली की ती पूर्वेच्या समुद्राला जातात आणि मग इकडे आईवडिलांच्या मोबाईलवर तो फोटो येऊन पडतो. सगळ्यांचा फोटो जवळजवळ सारखाच. खाली खडक, मध्ये दीपस्तंभ, वर आकाश, आणि माणूस एकही नाही.

या शेवटच्या गोष्टीविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता मुलाकडे गेलो असता ते ठिकाण पाहण्याचा योग आला. गावात कायम राहणारी माणसे पन्नासही नाहीत. पण त्या दिवशी हॅलिफॅक्सच्या बंदरात पर्यटकांचे जहाज लागलेले असावे, कारण बसमागून बस येत होती. गाड्या लावायची जागा भरून गेलेली. दीपस्तंभाच्या पायथ्याशी तर आपल्याकडच्या सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात असते तशी गर्दी. मग तो निर्मनुष्य फोटो निघतो कसा? तेही पाहिले. फोटो काढणारे एखाद्या मोठ्या धोंड्याच्या आड गुडघे टेकून बसतात. कॅमेरा खाली नेला की धोंड्याची कड वर येते आणि पायथ्याची सारी गर्दी तिच्यामागे लपते. काहीजण पहाटे, उजाडायच्या आधी येऊन उभे राहतात. आणि ज्यांना गुडघेही टेकायचे नाहीत आणि पहाटेही उठायचे नाही, त्यांच्यासाठी आता मोबाईलमध्येच सोय आहे. चित्रातल्या माणसावर बोट फिरवले की माणूस नाहीसा!

असा फोटो खरा म्हणायचा की खोटा?

पटकन खोटा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर ठरणार नाही. आपण बोलताना सगळे कुठे सांगतो? लग्नाहून आल्यावर वधूची साडी, जेवण, बँड यांविषयी सांगतो. मांडवामागच्या खरकट्या भांड्यांविषयी सांगत नाही. म्हणून काही आपण खोटे बोललो असे होत नाही. निवड करणे म्हणजे फसवणे नव्हे. पहाटे येणारा तर उलट कष्ट घेऊन, ती जागा खरोखरच रिकामी असतानाची वेळ गाठतो. गुडघे टेकणारा लपवतो. बोटाने पुसणारा, जे होते ते नव्हते असे सांगतो. या तिघांत फरक आहे, आणि तिसऱ्याची बाजू घेणे आम्हाला जड जाते. तरीही पाहणाऱ्याच्या पदरात तिघांकडून एकच गोष्ट पडते. येथे कुणी नाही, अशी त्याची समजूत होते. आणि जिथे कुणी नाही तिथे आपण कुणाचे काही लागत नाही, ही त्याच्या पुढची समजूत. पुढे स्वतः त्या जागी गेल्यावर माणूस तीच समजूत बरोबर घेऊन फिरतो. आमच्या मते अडचण येथून सुरू होते. फोटो खरा की खोटा हा प्रश्न दुय्यम आहे. फोटोबाहेर जे राहिले त्यांचे आपण काही देणे लागतो का, हा खरा प्रश्न.

आधी खडकांविषयी सांगितले पाहिजे, कारण सारी मोहिनी त्यांचीच आहे. आपल्या किनाऱ्यावरचा खडक काळा, ज्वालामुखीच्या लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. तिकडचा ग्रॅनाइट, त्याचे वय सुमारे ३८ कोटी वर्षे. हिमयुगात त्यावरून बर्फाचे प्रचंड थर सरकत गेले. त्यांनी खडक घासून गुळगुळीत केला, आणि बर्फ वितळल्यावर घराएवढे धोंडे तिथेच पडून राहिले. झाड जवळजवळ नाही. ऊन पडले की तो सगळा उतार एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखा दिसतो. त्यावरून चालत चालत पाण्यापर्यंत जावेसे वाटते, आणि उतार इतका सोपा की जाताही येते.

दीपस्तंभ त्या मानाने कालचा. १८६८ साली पहिला झाला, तो लाकडी घराच्या छपरावर ठेवलेला दिवा होता. आजचा अष्टकोनी काँक्रीटचा दीपस्तंभ १९१५ चा, उंची सुमारे १५ मीटर. १९५८ पासून तेथे दिवा सांभाळायला माणूस लागत नाही. मध्यंतरी बरीच वर्षे दिवा हिरवा होता, २००७ पासून पुन्हा लाल झाला. दिव्याचे काम मात्र पहिल्या दिवसापासून एकच: येथे खडक आहेत, जवळ येऊ नका. ते तो बिचारा समुद्रावरच्या माणसांना सांगतो. जमिनीवरून येणारे त्याच्याकडेच बघत जवळ जवळ येत राहतात.

जमिनीवरून येणाऱ्यांसाठी तिथे पाट्या लावलेल्या आहेत. निष्काळजी माणसांना येथे इजा आणि मृत्यू मिळाला आहे, समुद्राचा आनंद दुरूनच घ्या, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर आहे. एक साधा नियम सर्वांना सांगितला जातो: काळ्या खडकावर पाऊल टाकू नका. करडा खडक म्हणजे कोरडा. जिथे लाटा पोचतात तिथे तो ओला राहून आणि शेवाळ धरून काळा पडतो. त्याच्यावर बूटही टिकत नाही. आपल्या कोळी बांधवांना हे शिकवायला नको. परंतु तेथील समुद्राची आणखी एक खोड आहे. आकाश निरभ्र, वारा मंद, लाटा लहान, असे वीस मिनिटे चालते आणि मग दूर कुठल्या तरी वादळातून निघालेली एक मोठी लाट येते. गुळगुळीत उतारावर तिला अडवणारे काही नसते, त्यामुळे पाणी सरसर वर चढते, आणि खरा घात परत जाताना करते. माणूस एकदा पाण्यात गेला की धरायला कंगोरा नाही. पाणी इतके थंड की हातपाय लवकरच काम करीनासे होतात. आणि फुटणाऱ्या लाटांमुळे होडी खडकाला लावता येत नाही. अशा रीतीने तेथे आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. तरीसुद्धा आम्ही तासभर होतो तेवढ्यात कितीतरी जण काळ्या पट्ट्यावर उतरताना दिसले. सगळ्यांच्या हातात मोबाईल आणि पाठ समुद्राकडे.

“जीव माझा आहे, धोका मी पत्करतो, तुम्हाला काय त्याचे?” असे कुणी विचारील, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धोका पत्करणारी माणसे आपल्याला आवडतात. त्या गावातला मच्छीमार नोव्हेंबरच्या शेवटी, थंडी सुरू होताना, शेवंडीचे पिंजरे टाकायला समुद्रात जातो. त्याचा धोका पर्यटकापेक्षा कितीतरी मोठा. त्याला आपण मूर्ख म्हणत नाही. तो पोटासाठी जातो हे उत्तर पुरेसे नाही, कारण माणसाला पोटाशिवाय दुसरीही भूक असते. सुंदर गोष्ट जवळून पाहावी, तिची आठवण जपावी, ही भूक खोटी नव्हे. दोघांतला फरक आम्हाला दुसरीकडे दिसतो. मच्छीमार समुद्राकडे बघत असतो. त्याला पाण्याची ओळख असते, होडीतल्या जोडीदारांशी त्याचा करार असतो: तू पडलास तर मी, मी पडलो तर तू. फोटोसाठी काळ्या खडकावर उभा राहिलेला माणूस मात्र अशा कुणाशीच बोललेला नसतो. तो पडला तर त्याच्यामागे कोण जाणार हे त्याने ठरवलेले नाही. पण कुणीतरी जाणार, हे नक्की.

वाचकांना २०१६ च्या जानेवारीतील वांद्रे बँडस्टँडची घटना आठवत असेल. खडकांवर सेल्फी काढताना तीन मुली समुद्रात पडल्या. जवळून जाणाऱ्या एका माणसाने उडी टाकली. दोघींना त्याने वाचवले, तिसरीसाठी पुन्हा गेला. ती मुलगी आणि तो, दोघेही परत आले नाहीत. मुली त्याच्या ओळखीच्या नव्हत्या. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या काही जागा सेल्फीसाठी धोक्याच्या म्हणून जाहीर केल्या. त्या मुलींना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. कोवळे वय, सुट्टीचा आनंद, आणि खडक धोक्याचा दिसत नव्हता. पण “जीव माझा आहे” या वाक्यातला खोटेपणा त्या माणसाच्या मरणाने उघडा पडतो. भला माणूस दुसऱ्याला बुडताना पाहून उभा राहू शकत नाही. म्हणजे आपण जेव्हा काळ्या खडकावर पाऊल टाकतो, तेव्हा त्या अनोळखी माणसाच्या भलेपणाला, त्याला न विचारता, जामीन ठेवतो. त्याची बायको, त्याची मुले, यांनाही विचारलेले नसते. स्वतःपुरता धोका अशी चीज माणसांच्या वस्तीजवळ जवळजवळ नसतेच.

पेगीज कोव्हच्या आसपासच्या लोकांविषयी तर हे कल्पनेने बोलावे लागत नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान त्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात कोसळले. वैमानिकांच्या खोलीच्या वरच्या भागात आग लागली होती आणि ते हॅलिफॅक्सला उतरण्याचा प्रयत्न करीत होते. विमानात २२९ माणसे होती. आवाज ऐकून आणि बातमी कळून त्या परिसरातल्या गावांचे मच्छीमार अंधारात आपापल्या होड्या घेऊन निघाले. वाचलेल्यांना उचलून आणू, एवढाच विचार. कुणीही वाचलेले नव्हते. त्यांनी पाण्यातून काय काय उचलले ते येथे लिहीत नाही. त्यांतल्या काहींच्या मनावरचे ते ओझे पुढे अनेक वर्षे उतरले नाही.

आणि मग कॅमेरे आले. जगभरच्या वार्ताहरांची त्या इवल्या गावात रीघ लागली. मृतांचे नातेवाईक समुद्राकडे बघत त्याच खडकांवर उभे, आणि त्यांच्याकडे रोखलेल्या भिंगांची रांग. बातमी देणे हे वार्ताहराचे कामच आहे, जगाला कळायला हवे होते, हेही मान्य. तरी विचार करावासा वाटतो की रडणाऱ्या बाईचा चेहरा जवळून दाखवल्याने जगाला नेमके काय जास्त कळले?

दीपस्तंभापासून साधारण एक किलोमीटरवर, व्हेल्सबॅक नावाच्या जागी, त्या विमानातल्या मृतांचे स्मारक आहे. ग्रॅनाइटचे साधेच दगड. एका दगडात तीन खाचा आहेत, विमानाच्या क्रमांकातल्या तीन एकांसाठी. त्यांच्या रेषेत पाहिले की नजर समुद्रावरच्या त्या जागेकडे जाते. दुसऱ्या दगडावर मदतीला धावलेल्यांचे आभार आहेत. पलीकडच्या किनाऱ्यावर बेज्वॉटर येथे दुसरे स्मारक असून ओळख न पटलेले अवशेष तेथे पुरले आहेत. व्हेल्सबॅकला बसेस फारशा थांबत नाहीत. पण जे थांबतात त्यांतले काही त्या दगडाला टेकून, दोन बोटे वर करून, हसत फोटो काढतात. आमच्यासमोर एका तरुण जोडप्याने काढला. आम्हाला ते खटकले.

का खटकले, हे मात्र नीट तपासायला हवे. मृतांजवळ फोटो काढणेच चूक, असे आपल्याला तरी म्हणता यायचे नाही. आपल्याकडे पूर्वी मयताच्या दिवशी सारे घर शवपेटीभोवती उभे राहून फोटो काढीत असे. फोटोग्राफरला मुद्दाम बोलावीत. आखातात किंवा बोटीवर असलेल्या मुलाला बापाचे शेवटचे दर्शन त्या फोटोतूनच घडायचे. कितीतरी घरांच्या कपाटात ते फोटो अजून आहेत. नव्या पिढीला ते विचित्र वाटतात, पण त्यांत अनादर नव्हता. त्या फोटोत उभे राहिलेले प्रत्येक माणूस त्या पेटीतल्या माणसाचे कुणीतरी होते. म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, नात्याचा आहे. दगडाला टेकून हसणाऱ्या त्या दोघांना २२९ माणसे दिसलीच नव्हती. कदाचित पाटी वाचलीच नसेल. न वाचणे हा काही मोठा अपराध नव्हे, अजाणतेपणा आहे. पण आधीच्या तासाभरात त्यांनी दीपस्तंभापाशी माणसे वगळण्याचाच सराव केला होता, असे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही. अर्थात त्या दोघांच्या मनातले आम्हाला काय माहीत. असो.

मेलेल्यांचे असे, तर जिवंतांचे काय? धक्क्यावर रचून ठेवलेल्या शेवंडीच्या पिंजऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. रंगीबेरंगी तरंडे, दोऱ्या, मागे होड्या. चित्र छानच दिसते. ते पिंजरे उन्हाळ्यात धक्क्यावर असतात याचे कारण त्या भागात शेवंडीचा हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंतच असतो. पर्यटक येतात तेव्हा ते रिकामे असतात. भरलेले असतात तेव्हा पर्यटक नसतात. म्हणून फोटोतले गाव नेहमी सुट्टीवर असल्यासारखे दिसते.

ते तसे सुंदर राहावे म्हणून १९६२ साली प्रांताने कायदा करून एक आयोग नेमला. आजूबाजूची जमीन राखीव झाली, आणि गावात बांधकाम करायचे तर त्या आयोगाची परवानगी लागू लागली. म्हणजे आपल्या फोटोत टोलेजंग हॉटेल येत नाही, याची किंमत कुणीतरी भरतो आहे. तो आपल्याच घराला हवी तशी खोली काढू शकत नाही. हरित पट्ट्याची बाजू घेऊन बोलताना आणि मुलाच्या लग्नाआधी घर वाढवायचे म्हणून पंचायतीत खेटे घालताना, दोन्ही वेळा आपण खरेच बोलत होतो, हे वसईकरांना वेगळे सांगायला नको. दुसरीकडे, पर्यटक नसते तर त्या गावाचे चालले असते का? १९९२ साली न्यू फाउंडलंडकडील कॉड माशांची मासेमारी सरकारने बंद केली, नंतर नोव्हा स्कॉशियाच्या पूर्वेकडील काही भागातही. मासा संपत आला होता. अशा किनाऱ्यावर उपाहारगृह, भेटवस्तूंचे दुकान, चित्रकाराचे दालन यांतून चार पैसे येतात. म्हणून पर्यटकांनी जाऊच नये असे म्हणणारा त्या गावाचा मित्र नव्हे. जा, जेवा, दोन वस्तू विकत घ्या. फक्त दार उघडे दिसले म्हणून अंगणात शिरून खिडकीतून आत कॅमेरा लावू नका. आपल्याकडे लाल लुगडे नेसलेल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो काढायला मुंबईहून माणसे येतात. बाई भाजीची टोपली उतरवून घाम पुसत असते आणि समोर भिंग. काहीजण विचारतात, “मावशी, काढू का?” मग ती पदर सारखा करते, हसते, कधी नाही म्हणते. न विचारणारेही असतात. त्या वेळी आपल्याला जे वाटते तेच तिकडच्या घरातल्या बाईला वाटत असणार.

खुद्द दीपस्तंभाच्या पायथ्याशी एकेकाळी उन्हाळ्यात टपाल कचेरी चालत असे. तेथून कार्ड टाकले की त्यावर दीपस्तंभाच्या आकाराचा शिक्का उमटायचा. २००९ साली ती बंद झाली. त्या कार्डावर छापलेला फोटोही निर्मनुष्यच असायचा, मग आताच्या फोटोवर राग का, असे कुणी विचारले तर त्यात तथ्य आहे. एक फरक मात्र होता. कार्ड एका माणसाला जायचे. मागे चार ओळी लिहाव्या लागत, पत्ता आठवावा लागे. माणूस चित्रात नसला तरी कार्डाच्या दुसऱ्या बाजूला असायचा. आता एकच फोटो एकाच क्षणी दोनशे जणांना जातो आणि त्यांतल्या कुणालाच तो आपल्याला आला आहे असे वाटत नाही. “पोचला, छान” एवढे उत्तर आपणही देतो.

२०२१ साली दीपस्तंभाजवळ एक प्रशस्त पाहण्याचा ओटा बांधण्यात आला. चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला किंवा काठी टेकणाऱ्या वृद्धांना खडकांवरून जाणे त्याआधी शक्यच नव्हते. त्यांनी गाडीतूनच दीपस्तंभ बघायचा. त्या बांधकामावर टीका झाली. निसर्गाची शोभा गेली, जुना देखावा राहिला नाही, असे काहींचे म्हणणे. देखाव्यात बदल झाला हे खरे आहे, आणि एवढा मोठा ओटा खुपतो असे म्हणणारा माणूस दुष्ट नव्हे. आम्हाला मात्र या वादात फार वेळ घुटमळावेसे वाटत नाही. त्या ओट्यावर आम्ही एका वृद्ध गृहस्थाला खुर्चीत बसून समुद्राकडे बघताना पाहिले. त्यांच्या मांडीवर घोंगडी होती. बराच वेळ ते तसेच बसले होते, आणि मागे फोटो काढणारे एकजण त्यांची खुर्ची चौकटीतून कधी हलते याची वाट पाहत उभे होते. खुर्चीचा हक्क आधी, एवढे आमचे मत. उरलेले सौंदर्यशास्त्र नंतर पाहू.

एका माणसाविषयी सांगायचे राहिले. विल्यम डीगार्थ हा मूळचा फिनलंडचा चित्रकार या गावात येऊन राहिला. त्याने आयुष्यभर समुद्राची चित्रे काढली, आणि १९७७ साली, सत्तरीत, घरामागच्या सुमारे ३० मीटर लांबीच्या ग्रॅनाइटच्या कड्यावर छिन्नी चालवायला सुरुवात केली. १९८३ मध्ये तो वारला तेव्हा काम अपुरेच होते. आजही तसेच आहे. त्या कड्यावर दीपस्तंभ मध्यभागी नाही. आहेत ते मच्छीमार, त्यांच्या बायका आणि मुले, मिळून ३२ जण. जाळी ओढणारे, ओझे उचलणारे. त्यांच्यावर पंख पसरून संत एल्मो उभा आहे. संत एल्मो म्हणजे आपला संत एरास्मस, बिशप आणि हुतात्मा, खलाशांचा आश्रयदाता. बिशपला पंख कुठून आले, हे आम्हाला उमगले नाही. चित्रकाराची सवलत म्हणायची. गावातल्या छोट्या अँग्लिकन चर्चमध्येही याच डीगार्थची दोन भित्तिचित्रे आहेत.

हळू काम करणारा थोर आणि फोटोवाला उथळ, असे काही आम्हाला सुचवायचे नाही. छिन्नी धरूनही माणूस आंधळा असू शकतो, आणि एका क्षणाच्या फोटोतही सगळे गाव येऊ शकते. डीगार्थने कोणाला आत घेतले, एवढ्याकडे लक्ष वेधायचे आहे. दीपस्तंभाच्या फोटोतून जे जे गळतात, नेमके तेच त्याच्या दगडात आहेत.

यंदाच्या सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. हॅलिफॅक्सहून ३३३ क्रमांकाचा रस्ता गावात जातो. चक्रीवादळाचा इशारा असला की पोलीस वाट बंद करतात, तेव्हा निघण्याआधी हवामान पाहावे. बसेस यायच्या आधी, सकाळी लवकर गेल्यास गर्दी टळते. लहान मुलांचा हात खडकांवर सोडू नये. आईवडील सोबत असतील तर त्यांना सरळ ओट्यावर न्यावे, तेथून सगळे दिसते. डीगार्थचा कडा गावातच, रस्त्याला लागून आहे. दीपस्तंभाहून पायी काही मिनिटांत पोचता येते, आणि तेथे रांग नसते.